आमरीच्या देठावरचा दोरा

१

"शीलाबाई, खून झाला. लवकर या," एवढं बोलून रामराव गुरुजींनी फोन ठेवून दिला.

आता तुम्हीच सांगा, शुक्रवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेताना असं कानावर आल्यावर बाईनं काय करावं? मी सगळी नोकरी पोलिसात काढली, मंगरूळपीरच्या ठाण्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि माहेरच्या गावी, अनसिंगला येऊन राहिले. गाव मला अजून जमादारीणबाई म्हणतं. चहा तसाच टाकला, चपला अडकवल्या आणि गुडघ्यांना शिव्या देत निघाले. गुरुजींच्या ओट्यावर पोचले तर रक्त नाही, गर्दी नाही. गुरुजी खुर्चीत बसलेले आणि समोर भिंतीवर टांगलेली त्यांची आमरी.

"खून कोनाचा, गुरुजी?"

त्यांनी बोटानं फुलं दाखवली.

मी चांगलं झापणार होते. माझ्या तोंडाला तसा धरबंध नाही. पण त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि गप्प झाले. ज्या हेडमास्तरच्या नुसत्या खाकरण्यानं आख्खी शाळा चिडीचूप व्हायची, तो माणूस उपरण्यानं डोळे पुसत होता.

आमरी म्हणजे ऑर्किड. आपल्याकडच्या जुन्या आंब्यांवर, मोहांवर ती असते. वैद्य तिला रास्ना म्हणतात आणि बाकीचे लोक बांडगूळ म्हणून मोकळे होतात. बांडगूळ म्हटलं की गुरुजी खवळायचे. "बांडगूळ झाडाचा रस पिते. हे नुसतं बसते. हवा खाते, पानी पिते," असं ते चिडून सांगायचे. साध्या आमरीचं फूल पिवळट, त्यावर तपकिरी चौकडी. गुरुजींच्या झाडाला चौकडीच नव्हती. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मधली जीभ पांढरीशुभ्र. गोजराबाईंना, म्हणजे गुरुजींच्या बायकोला, ती वादळात पडलेल्या आंब्याच्या फांदीवर सापडली होती. तीन वर्षांमागं गोजराबाई गेल्या आणि गुरुजींनी सगळा जीव त्या झाडात घातला.

त्याची ठेवही तशीच. मातीचा कण लागू द्यायचा नाही. आंब्याच्या सालीचा जाड तुकडा, त्यावर काथ्यानं बांधलेलं झाड, मुळं हवेत मोकळी. सकाळी साठवलेलं पावसाचं पाणी फवारायचं. पांढरी मुळं हिरवी दिसली की हात थांबवायचा आणि परत पांढरी होईपर्यंत थेंब टाकायचा नाही. कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही, म्हणून उन्हाळ्यात शेजारी ओलं पोतं टांगलेलं. हे सगळं गुरुजी स्वतः करायचे. घरातल्या कुणाला फुलाजवळ फिरकू द्यायचे नाहीत.

आणि येत्या रविवारी अकोल्याहून वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम ती फुलं पाहायला येणार होत्या. जात खरंच वेगळी निघाली तर नावात गोजरा हा शब्द घालू, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. गुरुजींनी ते गावभर केलं होतं.

त्या फुलांपैकी नऊ आता माना टाकून, करपट होऊन लोंबत होती. टोकाची दोन मात्र टवटवीत. मी चष्मा चढवून पाहिलं. पानं हिरवीगार, मुळं तुकतुकीत. ताज्या दोन फुलांच्या मधोमध मोहरीएवढा पिवळा मणी होता, सुकलेल्या फुलांत तो नव्हता. आणि सुकलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला, पाठीमागून, पांढऱ्या दोऱ्याचा एक फेरा होता. ताज्या दोन्हींना दोरा नव्हता.

"करनी हाय ही!" मागून आवाज आला. शेजारचे धनराजभाऊ. त्यांचे गुलाब तालुक्याच्या प्रदर्शनात दरवर्षी पहिले येतात, आणि आमरीचा गवगवा झाल्यापासून त्यांचं तोंड आंबट झालं होतं. "दर्ग्यातला दोरा हाय थो. कोन बांधते असे दोरे, सांगाची गरज हाय का?"

"मी करनीबिरनी मानत नाही," गुरुजी म्हणाले. "पन हे कोनी केलं थे मले माहीत हाय. शादाबनं केलं. काल दुपारी आला होता. म्हने, गुरुजी, ह्याचं एक पिल्लू, फुटवा द्या. मी नाही म्हनलं, त जाता जाता म्हनते, एक दिवस झाड जाईन, मंग कोनाले दाखवसान? आन आज हे! मी ठाण्यात तक्रार देतो."

तेवढ्यात गुरुजींची सून वैभवी चहा घेऊन आली. बुलढाण्याकडची पोरगी, चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, कमी बोलणारी. कप ठेवताना तिचा हात दिसला. सगळी नखं बारीक कापलेली, उजव्या अंगठ्याचं तेवढं लांब आणि जाड. आजकालच्या पोरींची फॅशन, असं मला वाटलं. गुरुजींनी कात्री उचलली आणि सुकलेल्या फुलांना लावली.

"कापू नका!" वैभवी एवढ्या जोरात ओरडली की गुरुजींच्या हातून कात्री पडली. मग तिनं मान खाली घातली. "मंजे... पुरावा हाय ना, मामाजी. पोलिसाले दाखवाले लागन."

पोरीला अक्कल आहे, असं मी मनात म्हटलं. तिच्या चेहऱ्याचा रंग का उडाला, ते मात्र समजेना.

"गुरुजी, तक्रार उद्या सकाळी द्या," मी म्हणाले. "एक दिवस मले द्या."

"उद्या सकाळी. नंतर मी कोनाचं ऐकनार नाही."

मला घाई का होती ते सांगते. शादाबची वनरक्षकाच्या भरतीत निवड झाली होती, आणि त्याची पोलीस पडताळणी व्हायची होती. त्यात एका तक्रारीत नाव आलं की नोकरी गेली. तीही झाड मारल्याची तक्रार, आणि पोरगा लागणार जंगल खात्यात!

२

शादाबचं घर तीन दारं सोडून. त्याची आई अन्वरी शिवणकाम करते. मशीनवर जांभळा ब्लाउज अर्धा शिवून पडला होता. बातमी माझ्या आधी पोचलेली.

"बाई, माह्या पोट्ट्यानं एवढी मेहनत केली," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "पायटे उठून धावे, उन्हातान्हात. त्याच्या नावावर डाग लागला त मी काय करू? अन् लोक म्हनून राह्यले का मी दर्ग्यातून दोरा आनला. अल्ला पाहून राह्यला."

"दर्ग्याचं मले सांगू नको," मी म्हणाले. मंगरूळपीरच्या उरुसात मी एवढ्या वेळा बंदोबस्ताला उभी राहिले की मन्नतीचा दोरा डोळे झाकून ओळखीन. तो रंगीत असतो, जाड असतो, जाळीला बांधतात आणि गच्च गाठ मारतात. गुरुजींच्या फुलांवरचा दोरा पांढरा, शिवणाचा, आणि त्याला गाठच नव्हती. नुसता पीळ होता. पण शिवणाचा पांढरा दोरा म्हटला तर तो या घरात रिळानं होता. संशयाला तेवढं पुरतं, आणि माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याच्या मापावरही माझा विश्वास नाही.

शादाब मागच्या अंगणात बसला होता. मी तिथं गेले आणि थबकले. लिंबाच्या बुंध्याला बांधलेली एक आमरी माझ्यासमोर होती. तीच पानं, तशीच मुळं.

"ही कुठून आनली बे?"

"रस्त्यासाठी झाडं तोडली ना, त्या तोडल्याल्या आंब्यावरची हाय. साधी, चौकडीवाली. मरून जाईन म्हनून उचलून आनली. गुरुजीनंच शिकवलं मले हे सगळं, बाई. मी त्याहीच्या झाडाले हात लावीन काय?"

"मंग पिल्लू काहून मांगलं?"

"गुरुजीचं झाड बुढं झालं. खालची पानं गळून राह्यली. त्याले शेंग धरत नाही, पिल्लू त्याहीले काढाचं नाही. एक दिवस जाईन अन् मांगं काहीच राहनार नाही. एवढंच म्हनलं मी. त्याले धमकी समजले थे."

मी त्याच्या झाडाकडे वाकले. त्याच्याही झाडाला तुरा होता, चौकडीच्या फुलांचा. त्यातली अर्धी फुलं कोमेजलेली. अगदी तशीच, माना टाकून. मधला पिवळा मणी गायब. पण दोरा? एकाही देठाला दोरा नव्हता.

"हे काय झालं ह्याले?"

पोरगा आतापर्यंत भडाभडा बोलत होता, आता जमिनीकडे पाहायला लागला.

"बुधवारी दुपारी पाह्यलं त असं होतं," तो हळूच म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बाई, गुरुजीच्या झाडाची पानं कशी हाय?"

"हिरवीगार."

"अन् देठं? हिरवी का पिवळी?"

"हिरवी."

त्यानं मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखा भाव आला. "मंग झाड मेलं नाही, बाई."

"तुले माहीत हाय हे कोनी केलं. हो ना?"

"मले काही माहीत नाही."

"शादाब, तुही नोकरी जाईन!"

"जाऊ द्या," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

मी पुष्कळ चोर पाहिलेत. ते स्वतःला वाचवायला गप्प बसतात. हा पोरगा स्वतःला बुडवून गप्प बसला होता. मला त्याचा रागही आला आणि तो कुणालातरी वाचवतोय असा संशयही आला.

३

दुपारची बस धरून मी वाशिमपलीकडच्या मालेगावला गेले. गुरुजींचा मुलगा हरीओम तिथं कृषी केंद्र चालवतो. खतं, बियाणं, तणनाशकं. झाड मारायचं सगळं सामान ज्याच्या दुकानात आहे, त्याला विचारायला नको?

हरीओम खो खो हसला. "मावशी, तणनाशक मारलं असतं त पानं पयले जळली असती. अन् दोरे कायले बांधीन मी? हां, मले त्या झाडाचा राग येते, खोटं कायले बोलू. बाबा माह्या तब्येतीचं विचारत नाही, पन त्याच्या मुळ्या रोज पाहतात. आई गेल्यापासून थे आमच्याशी धड बोलले नाही. पन थे झाड आईचं हाय. मी त्याले मारीन?" बोलता बोलता त्यानं गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

"सकाळी बाबा फिरायले जातात तवा घरी कोन असते?"

"मी सातलेच निघतो. वैभवी असते. पन ती त त्या झाडाच्या वाऱ्याले उभी राहत नाही. तीस एकरवाल्याची पोरगी, मावशी. सोयरीक आनणाऱ्यानं सांगतलंच होतं, पोरीनं वावर फक्त धुऱ्यावर, बांधावर उभं राहून पाह्यलं हाय. फुलाझाडातलं काही समजत नाही तिले."

परतीच्या बसमध्ये कशीबशी खिडकी मिळाली. हरीओम नाही, धनराज जळतो पण त्याला दोऱ्याचं नाटक करायची हिंमत नाही, शादाब बोलत नाही. उद्या सकाळी गुरुजी ठाण्यात जाणार आणि पोरगा कामातून जाणार. माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

वाशिमच्या अलीकडे फाट्यावर बायकांचा एक घोळका चढला. सगळ्यांच्या अंगात नवऱ्याचे जुने शर्ट, डोक्याला रुमाल. एक जण माझ्या शेजारी आदळली. तिच्या शर्टाच्या बटणाला काहीतरी लोंबत होतं आणि माझी नजर तिथं खिळली.

पांढऱ्या दोऱ्यांचा झुपका होता तो. सगळे दोरे एकाच मापाचे तोडलेले.

४

"बाई, हे दोरे कायचे वो?" मी विचारलं.

"क्रॉसिंगचे." ती माझ्याकडे बघून हसली. "शेडनेटमंदी मिरचीचं बियानं करतात ना कंपनीवाले, तिथं जातो आमी. मादीच्या फुलातला नर काढून टाकाचा, दुसऱ्या झाडाच्या नराचं फूल आनून तिच्यावर फिरवाचं, अन् दोरा बांधाचा. दोरा नसन त क्रॉसिंग झाल्यालं फूल कोनतं अन् राह्यलं कोनतं, कसं समजन?"

"गाठ नाही मारत?"

"गाठ कायले? देठ जाड होते मंग, गाठ काचते त्याले. नुसता पीळ द्याचा. आता त झोपेतबी हात तसाच फिरते आमचा," ती म्हणाली आणि मैत्रिणी हसल्या. "माह्या पोरीच्या वेनीचं रिबीन बी मी तसंच पिळतो, बांधतच नाही."

"अन् नराच्या झाडाले?"

"त्याले कायचा दोरा? दोरा फक्त मादीले."

मला लिंबावरची आमरी आठवली. शादाबच्या झाडाला दोरा नव्हता.

"क्रॉसिंग झाल्यावर फूल मरते का वो?"

"मुरझतेच ना दुसऱ्या दिवशी! मुरझलं म्हंजे फळ धरलं. आमी त खुश होतो पाहून."

एवढी सोपी गोष्ट, आणि आम्ही दिवसभर खून खून करत बसलो होतो. आमरीला कुणी मारलंच नव्हतं. तिला फळ धरवलं होतं. गुरुजींच्या ओट्यावर पराग वाहून आणणारा तिचा किडा काही येत नाही, म्हणून आजवर शेंग धरली नव्हती. कोणीतरी शादाबच्या झाडावरून पिवळे मणी, म्हणजे परागाचे गोळे, आणले, इकडे लावले, आणि सवयीनं प्रत्येक देठाला दोरा पिळला. त्या माणसाला हे माहीत नव्हतं की आमरीचं फूल तसं तीन आठवडे टिकतं. कपाशी-मिरचीचं फूल एरवीही दुसऱ्या दिवशी कोमेजतं, त्यामुळे कोमेजण्यात काही वाईट आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार.

उतरताना त्या बाईनं तिकीट दाखवायला हात पुढं केला. सगळी नखं बारीक. उजव्या अंगठ्याचं तेवढं लांब आणि जाड, फुलातला नर काढायला ठेवलेलं.

असा अंगठा मी सकाळीच पाहिला होता.

५

शनिवारी सकाळी मी सगळ्यांना गुरुजींच्या ओट्यावर जमवलं. गुरुजींनी धुतलेला सदरा घातला होता, ठाण्यात जायची तयारी. हरीओम, धनराजभाऊ, अन्वरी, तिच्यामागं शादाब. वैभवी दाराच्या चौकटीला टेकून उभी. नख हा काही पुरावा नव्हे, म्हणून मी पिशवीत दोऱ्याचं रीळ आणलं होतं.

"गुरुजी, तुमी रोज सकाळी सगळ्याइले ह्या आमरीचा सुप्रभातचा फोटो पाठवता. बुधवारचा काढा बरं."

त्यांनी फोन पुढं केला. बुधवारच्या पहाटेचा फोटो. नऊ फुलं उमललेली, टोकाला दोन कळ्या मिटलेल्या.

"आता गुरुवारचा."

गुरुवारी सकाळी त्या दोन कळ्या उमलून लख्ख झाल्या होत्या. बाकीची नऊ मात्र मलूल, गुलाबट पडलेली.

"उजेड कमी असन म्हनून तसं आलं, असं वाटलं मले," गुरुजी पुटपुटले.

"उजेड कमी असता त दोन फुलं कशी चमकली असती? जे झालं थे बुधवारी झालं, ह्या दोन कळ्या मिटल्या होत्या तवा. म्हनूनच त्याहीले दोरा नाही. शादाब आला गुरुवारी दुपारी. तोवर फुलं कोमेजायले लागली होती."

"बुधवारी चोरून आला असन," धनराजभाऊ म्हणाले.

"असन! तुमीबी आले असान. म्हनून प्रत्येकानं एक दोरा बांधून दाखवा, म्हंजे कोनाचा हात कसा हाय थे पाहू. वैभवी, जराक दोरे तोडून दे बाई सगळ्याइले."

मी रीळ तिच्याकडे टाकलं आणि तोंडानं धनराजभाऊंशी वाद चालू ठेवला. डोळे मात्र तिच्या हातांवर. दोरा कसा बांधायचा याची धास्ती तिला होती, तोडायची नव्हती. तिनं बोटांवर माप घेतलं, अंगठ्याच्या नखावर दोरा टचकन तोडला, खांद्याच्या पिनेला अडकवला. पुन्हा माप, पुन्हा टचकन. बघता बघता खांद्यावर झुपका लोंबायला लागला, सगळे दोरे एका मापाचे.

मी बोलायची थांबले. सगळे तिच्या खांद्याकडे पाहायला लागले. तिनं वर पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, आणि रीळ तिच्या हातून निसटून घरंगळत ओट्याखाली गेलं.

"किती वर्सं क्रॉसिंग केलं, बाई?" मी विचारलं.

"सातवीपासून," वैभवी म्हणाली आणि रडायला लागली. "कपाशी, मिरची. माह्या बाबाकडं तीस एकर नाही. तीनच हाय. सोयरीकवाल्यानं खोटं सांगतलं, अन् मी... मी चुप राह्यली."

हरीओमचा चेहरा पडला. "चार वर्सं झाले, वैभवी. मले त सांगाचं."

गुरुजी उठून उभे राहिले. रागानं ते तिच्याकडे वळले. "खोटं बोलून घरात आली, अन् माह्या गोजराच्या फुलाइले हात लावला? कोनी सांगतलं होतं तुले?"

"ह्याहीच्या आईनंच सांगतलं होतं, मामाजी."

६

गुरुजी परत खुर्चीत बसले.

"आईले पयल्याच दिवशी समजलं होतं," वैभवी डोळे पुसत म्हणाली. "माहा आंगठा पाह्यला, हसल्या, अन् म्हने, कोनाले सांगत नाही, पन नख कापू नको, कामी येईन. दवाखान्यातून शेवटच्या वक्ती घरी आनलं तवा मले जवळ बसवलं. म्हने, ह्या झाडाले शेंग धरव बाई. माह्या मांगं ह्याचं कोनीतरी राह्यलं पायजे. बुढ्याले सांगू नको, थो हात लावू देनार नाही. दोन वर्सं मले हिंमत झाली नाही. अवंदा खालची पानं गळाले लागली. अन् एकाच झाडाचं त्यालेच लावलं त धरत नाही, दुसरं पायजे, थे मले माहीत होतं. बुधवारी ब्लाउज टाकाले अन्वरीचाचीकडं गेली, तिथं मांगं फुलं दिसली. मामाजी फिराले गेले होते. केलं मंग. आईची आन, फुलं अशी होतीन, रैवारी पाहुणे येतीन तवा काहीच राहनार नाही, हे माह्या ध्यानातच आलं नाही. अन् शादाबचं नाव निघालं तवा माही जीभच उचलत नव्हती. रातभर जीव खात होता. आज तुमी ठाण्यात निघाले असते त मी पाय धरनार होती तुमचे."

मी शादाबकडे वळले. "अन् तुले माहीत होतं."

"वहिनी आमच्या लिंबावरच्या फुलाजवळ वाकल्याली दिसली होती मले," तो म्हणाला. "फुलं कोमेजली अन् समजलं. पन माह्या तोंडून नाव निघालं असतं त गुरुजीनं तिले घरात ठेवलं असतं काय?"

"अन् तुही नोकरी रे?" अन्वरी कळवळून म्हणाली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

गुरुजी मग उठले, चष्मा लावला आणि आमरीजवळ गेले. एक करपलेलं फूल त्यांनी बोटानं अलगद बाजूला केलं. दोऱ्याच्या वर देठ फुगलं होतं, हिरवं आणि घट्ट. दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. नऊही पाहिली.

"हे मी पाह्यलंच नाही," ते म्हणाले. "नुसती फुलं पाहत बसलो."

मग ते फिरले आणि सरळ शादाबसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडायला लागले तसं त्यानं हात धरले. "चुकलं माहं, पोरा. मी तुले शिकवलं, अन् मीच तुले ओळखलं नाही. अन्वरीबाई, तुमचीबी माफी मांगतो." धनराजभाऊंना तेवढ्यात गुलाबांना पाणी घालायची आठवण झाली आणि ते निघून गेले.

हरीओम अजून भिंतीकडे तोंड करून उभा होता. वैभवी त्याच्याजवळ जायला धजत नव्हती. शेवटी तोच म्हणाला, "दुकानात बियान्याचं मले अर्धं समजत नाही. उद्यापासून तू बसत जाय सोबत." हे त्याचं माफ करणं होतं, आणि तिला ते समजलं.

रविवारी मॅडम आल्या. दोन फुलांवरच भागवावं लागलं, पण त्या फुलांपेक्षा दोरे पाहूनच जास्त हरखल्या. शेंगा हिरव्या असतानाच प्रयोगशाळेत नेऊन बाटलीत बी रुजवू, कारण ते बी धुळीइतकं बारीक असतं आणि मातीत कधी उगवत नाही, असं त्यांनी सांगितलं. नावाचं नंतर बघू म्हणाल्या. गुरुजींनी एकच विचारलं, "रंग असाच येईन का?"

"सांगता येत नाही, गुरुजी. दुसऱ्या झाडाचा परागकण आहे. चौकडी येईल कदाचित."

"येऊ द्या," गुरुजी म्हणाले. "गोजरासारखी नसली तरी गोजराचीच राहतीन."

पुढच्या आठवड्यात शादाबच्या पडताळणीचा पोलीस गावात आला, तर गुरुजींनी त्याला ओट्यावर बसवून पोराबद्दल एवढं चांगलं सांगितलं, एवढं सांगितलं, की बिचाऱ्याचा चहा गार झाला. मी तिथंच होते. तो गेल्यावर गुरुजींनी आतल्या दिशेनं हाक मारली.

"वैभवी! दोन फुलं राह्यली ना? शादाबच्या इथून फूल घेऊन ये. अन् दोरा आन."

ती आली. तिनं नखानं मणी काढला, दुसरा लावला, आणि दोरा घ्यायला हात पुढं केला. गुरुजी म्हणाले, "हा मी बांधतो." आणि त्यांनी बांधला. सवयीप्रमाणे चांगली घट्ट गाठ मारली.

"मामाजी, गाठ काचते त्याले," वैभवी म्हणाली.

मला वाटलं, आता भडकणार. गुरुजींनी हात मागे घेतला आणि बाजूला सरकले. तिनं गाठ सोडवली, दोऱ्याला नुसता पीळ दिला, आणि ते शिकणाऱ्या पोरासारखे वाकून पाहत राहिले.